जावक क्रमांक दोनशे बारा

मास्तर – पण तो रकाना मी कोरा सोडला होता, ताई. चुकून नव्हे, विचार करून सोडला होता.

ताई – ते मला कसं कळणार? इथे येणारी निम्मी माणसं रकाने कोरे सोडतात. कोणाला लिहिता येत नसतं, कोणाला लाज वाटत असते. आणि कॉम्प्युटर कोरा रकाना घेतच नाही. ‘जवळचे नातेवाईक’ भरल्याशिवाय पुढचं पान उघडत नाही.

मास्तर – मग ‘कोणी नाही’ असं भरायचं होतं.

ताई – ‘कोणी नाही’ भरलं की पंचेचाळिसाव्या दिवशी खाट जाते. तुरुंगातून सुटलेल्या माणसाला संस्था ठेवून घेते ती तेवढेच दिवस. घरच्यांशी संपर्क चालू आहे अशी नोंद असली तरच आणखी दोन महिने मिळतात. बाहेर चौदा जण रांगेत आहेत. मी तुमची खाट वाचवत होते, मास्तर.

मास्तर – त्याबद्दल शंका नाही. माझ्यावर ज्यांनी ज्यांनी उपकार केले, त्यांच्यापैकी कोणीच आधी विचारलं नव्हतं.

ताई – रागवा. तुम्हाला हक्क आहे.

मास्तर – रागावणं मी सोडलं आहे. एकोणीस वर्षांपूर्वी एकदा रागावलो, तेव्हा हातात कात्री होती आणि समोर दुकानाचा भागीदार होता. त्यानंतर मी फक्त अर्ज करतो. मला एवढंच सांगा, आणि क्रमाने सांगा. पत्ता कुठून मिळवलात?

ताई – तुरुंगातून तुमची जुनी फाइल मागवली. अकरा वर्षांपूर्वी एक मुलगी तुम्हाला भेटायला आली होती. भेटीच्या वहीत तिने नातं लिहिलं होतं, मुलगी. खाली पत्ता. एकोणीस वर्षांत तेवढी एकच भेट. खरं सांगू? तो पत्ता सापडला तेव्हा मला इतका आनंद झाला की मी घरी जाऊन नवऱ्याला सांगितलं. दुसऱ्याच दिवशी त्या पत्त्यावर तिला रजिस्टर पत्र पाठवलं.

मास्तर – तो तिच्या मावशीचा पत्ता होता. तिची आई गेल्यावर मावशीने तिला वाढवलं.

ताई – मावशी दोन वर्षांपूर्वी वारल्या, हे काल तुमच्या मुलीचा फोन आला तेव्हा कळलं. त्या घरात आता भाडेकरू आहेत. त्यांनी पोस्टमनला मुलीच्या सासरचा पत्ता सांगितला. पोस्टमनने तो लाल शाईने पाकिटावर लिहिला आणि पत्र तिकडे पोचवलं. मंगळवारी पोचपावती आली. त्यावर सासऱ्यांची सही.

मास्तर – म्हणजे आपापल्या कामात कोणीच चुकलं नाही.

ताई – कोणीच नाही.

मास्तर – आश्चर्य आहे. आत असताना मी चारशेच्या वर अर्ज लिहिले. माझे थोडे, इतरांचे फार. रजेचे, औषधाचे, मरणाऱ्या आईला एकदा पाहू द्या म्हणून. प्रत्येक कागदावर डाव्या बाजूला चार बोटं समास सोडत असे, साहेबांना शेरा लिहायला. समास कोरेच परत येत. तेव्हा अशी कर्तव्यदक्ष माणसं वाटेत एकदाही भेटली नाहीत.

ताई – त्या भेटीत तुमच्या दोघांत काय ठरलं होतं? ती फोनवर म्हणाली, ‘त्यांनी मला शब्द दिला होता.’

मास्तर – तिचं लग्न ठरत होतं. भेट वीस मिनिटांची. पहिली पंधरा मिनिटं तिने जाळीपलीकडून माझ्या खोकल्याची चौकशी केली. सोळाव्या मिनिटाला विचारलं, ‘तुम्ही वारलात असं सांगितलं तर चालेल का?’

ताई – आणि तुम्ही काय म्हणालात?

मास्तर – विचारलं, कशाने वारलो? दोघांनी एकच कारण सांगायला हवं. न्यूमोनिया ठरला. म्हटलं, बरं आहे, लांबण नाही. मग घंटा झाली. त्या दिवसापासून मी माझ्याकडून शब्द पाळला आहे. मरून राहणं तितकंसं अवघड नसतं, ताई. त्यासाठी फक्त रकाने कोरे सोडावे लागतात.

ताई – फाटक वाजलं. तीच असणार. मी बाहेर थांबते, तुम्ही बोला.

मास्तर – नको, बसा तुम्ही. आमच्या भेटीला कोणीतरी बसलेलं लागतं. त्याशिवाय आम्हाला बोलता यायचं नाही.

लेक – आत येऊ का?

ताई – या, या. बसा ना. काल फोनवर मीच बोलले.

लेक – पत्रावरची सही तुमचीच का?

ताई – हो, माझीच.

लेक – शेवटी ‘आपली हितचिंतक’ लिहिलंय.

ताई – ते छापील असतं.

लेक – बाबा, तुम्ही किती वाळलात.

मास्तर – मास्तर म्हण. इथे सगळे मास्तरच म्हणतात. टेलर मास्तर. जिभेला ते वळण राहिलं म्हणजे घरी घसरायची नाही.

लेक – मला वेळ नाही. दाताच्या डॉक्टरकडे जाते सांगून आलेय. चारची बस चुकली तर एका दाताला एवढा वेळ का लागला, ते सांगत बसावं लागेल.

मास्तर – कोणता दात?

लेक – काय?

मास्तर – कोणता दात सांगितलास? आत्ताच ठरव. संध्याकाळी कोणी विचारलं तर हात भलत्याच गालाला जायचा.

लेक – डावीकडची दाढ.

मास्तर – वरची की खालची?

लेक – खालची.

मास्तर – मग दोन दिवस उजवीकडून चावायचं. आता सांग, पत्र आलं तेव्हा काय झालं?

लेक – सासऱ्यांनी घेतलं. ते दिवसभर दारात खुर्ची टाकून बसतात. घरातलं सगळं टपाल त्यांच्याच हातात पडतं. जेवायला बसल्यावर त्यांनी ते मोठ्याने वाचलं. ‘दीर्घ शिक्षा भोगून सुटलेले आपले वडील.’ दोनदा वाचलं. मग म्हणाले, ‘आपले म्हणजे कोणाचे गं?’

ताई – देवा!

लेक – देवाला कशाला मध्ये घेता? त्याने रजिस्टर पत्र पाठवलं नव्हतं. मी म्हटलं, चूक आहे, माझे वडील न्यूमोनियाने गेले, हा त्याच नावाचा कोणी दुसरा असेल. त्यावर ते म्हणाले, ‘असेल. तर मग त्या संस्थेचं तसं पत्र आण.’ सगळी नोकरी त्यांनी नोंदणी कचेरीत काढली आहे. आधी शिक्का बघतात, मग क्रमांक, मग तारीख. मजकूर सगळ्यात शेवटी.

मास्तर – माणूस नीट आहे.

लेक – फार नीट आहे. माझा फोन त्यांनी कपाटात ठेवलाय. तुम्हाला केला तो शेजारणीच्या फोनवरून, आणि ती आता पुन्हा देणार नाही.

मास्तर – जावई काय म्हणतात?

लेक – ते काही म्हणत नाहीत. वडील बोलत असले की ते ताटात बघतात. रात्री एवढंच म्हणाले, ‘अकरा वर्षं खोटं बोलली असशील तर मुलगी तुझ्याजवळ ठेवता येणार नाही.’ आरडाओरडा नाही, काही नाही. उद्या भाजी कोणती आणायची ते सांगावं तसं.

मास्तर – नात केवढी झाली?

लेक – सहा वर्षांची.

मास्तर – उंची?

लेक – माझ्या कमरेला लागते. माप घेऊन काय करणार आहात?

मास्तर – काही नाही. खोड आहे.

लेक – ती ओळखते तुम्हाला. म्हणजे फोटो ओळखते. मशीनवर बसलेला तुमचा फोटो सासूबाईंनी भिंतीवर लावलाय, त्यांच्या आईच्या शेजारी. शाळेत जाताना ती रोज त्याला टाटा करते. नवीन फ्रॉक आला की त्याच्यापुढे गोल फिरून दाखवते.

मास्तर – म्हणजे त्या घरात माझं बरं चाललं आहे.

लेक – फार बरं चाललं होतं. सासूबाई तुमचं कौतुक सांगतात लोकांना. ‘हिच्या वडिलांचा हात काय सुरेख होता,’ म्हणतात. माझ्या लग्नातला परकर तुम्ही शिवलेला होता ना, आईसाठी. तो दाखवतात.

मास्तर – ताई, हिला पत्र द्या.

ताई – मास्तर, असं कसं देता येईल? खोटं पत्र आहे ते. सही माझी, शिक्का संस्थेचा. उघडकीला आलं तर माझी नोकरी जाईल, आणि संस्थेवर पुन्हा कोणी विश्वास ठेवणार नाही. आणि दुसरं म्हणजे...

मास्तर – दुसरं सांगण्याचं कारण नाही.

लेक – दुसरं काय?

ताई – हे पत्र दिलं तर फाइलवर ‘नातेवाईक नाहीत’ अशी नोंद करावी लागेल. मग बुधवारी यांची खाट जाते. खाट गेली म्हणजे पत्ता गेला. दर सोमवारी चौकीवर पत्ता सांगून हजेरी द्यायची, ही सुटकेची अट आहे. पत्ता नाही म्हणजे अट मोडली. अट मोडली म्हणजे परत आत.

लेक – हे मला आधी का नाही सांगितलंत?

मास्तर – कारण ते विषयाला धरून नव्हतं.

ताई – यांना मी तीन दुकानांत घेऊन गेले. शिवणकाम बघून तिन्ही मालक खूश. मग विचारतात, आत कशासाठी होते? आणि कात्री हळूच उचलून मागे ठेवतात. इथेसुद्धा यांच्या हातात कात्री द्यायची नाही असा नियम आहे. संस्थेच्या सगळ्या उशांचे अभ्रे यांनी शिवले, आणि प्रत्येक दोरा दाताने तोडला.

लेक – मग मी काय करू? सांगा ना! दोघं मिळून सांगा. मुलगी सोडू? की यांना परत आत पाठवू? दाताच्या नावावर दोन तास काढून आलेय मी, त्यात हे ठरवायचं?

मास्तर – तुला काही ठरवायचं नाही. तू दाढ सांभाळ. जे ठरायचं ते अकरा वर्षांपूर्वी ठरलं आहे. ताई, युक्तिवाद ऐका. पहिलं पत्र तुम्ही मला न विचारता पाठवलंत.

ताई – हो.

मास्तर – त्यातली माहिती खरी होती, तरी त्याने एक घर मोडायला आलं. दुसरं पत्र मी विचारून मागतो आहे. त्यातली माहिती खोटी असेल, पण घर राहील. तेव्हा, दोन्ही पत्रांची जबाबदारी तुमच्यावर येणारच असेल, तर कोणतं पत्र लिहिल्याचं तुम्हाला पुढे सांगता येईल?

ताई – वकील व्हायला हवं होतं तुम्ही.

मास्तर – माझ्या वकिलाला मीही तेच म्हटलं होतं. राहता राहिलं माझं. आत मला पत्ता आहे. बराक आहे, नंबर आहे, मशीन आहे. ती पिशवी इकडे दे बाळ, पट्टा तुटला आहे.

लेक – बसमध्ये तुटला. राहू दे.

मास्तर – दे. सुई माझ्याजवळ असते. तुम्ही लिहायला घ्या, ताई. मी सांगतो. डावीकडे समास सोडा.

ताई – कोणाच्या नावाने?

मास्तर – सासऱ्यांच्या. ‘महोदय, आमच्या कार्यालयाकडून आपल्या पत्त्यावर पाठविण्यात आलेले पत्र केवळ नामसाधर्म्यामुळे पाठविले गेले, असे आता निदर्शनास आले आहे. आमच्या संस्थेत राहणाऱ्या सदर इसमाचा आपल्या कुटुंबातील कोणाही व्यक्तीशी नातेसंबंध नाही.’ लिहिलंत?

ताई – ‘नातेसंबंध नाही.’ हो.

मास्तर – ‘सदर इसमास अपत्य नाही.’

लेक – एवढं कशाला?

मास्तर – एवढं हवं. नाहीतर नीट माणूस विचारतो, मग याची मुलगी कुठे आहे? ‘सदर इसमास अपत्य नाही. आपणांस व विशेषतः आपल्या सूनबाईंस जो मनस्ताप झाला, त्याबद्दल आम्ही दिलगीर आहोत.’ बस्स. ‘हितचिंतक’ खोडा. ‘आपली विश्वासू’ लिहा.

लेक – तुम्हाला हे सगळं असं पटापट सुचतं कसं?

मास्तर – रात्री झोप येत नाही तेव्हा मसुदे करतो. हा काल केला. घे पिशवी. दोरा तोडतो, थांब. हं. आता ओढून बघ.

लेक – घट्ट आहे.

ताई – हा शिक्का. ही सही. घ्या.

मास्तर – जावक क्रमांक?

ताई – जावक वही कारकुनाच्या कपाटात आहे. शनिवार ना, तो दीडलाच गेला. किल्ली शोधावी लागेल. क्रमांक राहू दे, कोण बघतंय?

मास्तर – तिचे सासरे बघतात. क्रमांकाशिवाय पत्र म्हणजे ओळखीच्या बाईने दिलेली चिठ्ठी. क्रमांक हवाच.

लेक – लवकर करा. पावणेचार झाले.

ताई – काल संध्याकाळी दोनशे अकरा झाला होता, माझ्याच पत्राचा. आज दोनशे बारा. हा टाकला. ही निघाली की वहीत चढवते.

मास्तर – आता पत्र पुरं झालं. दुमडू नकोस, तुझ्या पिशवीतल्या वहीच्या पानात ठेव. आणि घरी गेल्यावर लगेच देऊ नकोस. आधी दाढ दुखू दे.

लेक – बुधवारी तुम्ही...

मास्तर – बस चुकेल.

लेक – मी काही आणलं नाही तुमच्यासाठी. यायच्या घाईत.

मास्तर – मेलेल्याला काय आणायचं असतं? जा. फोटोपुढे फ्रॉक फिरवून दाखवते म्हणालीस ना, तिला थांबवू नकोस.

लेक – येते, मास्तर.

मास्तर – सावकाश जा.

ताई – रडली नाही.

मास्तर – रडायचं नव्हतंच. डोळे लाल दिसले असते.

ताई – बसा जरा. पाणी घ्या. मी कपाटाची किल्ली बघते. नोंद करून टाकू या, म्हणजे विषय संपला. ही इथेच तर होती. हं, मिळाली.

मास्तर – ताई, तिच्या कुडत्याची डावी बाही उसवली होती. पट्ट्याबरोबर तीही झाली असती. लक्षात आलं, पण म्हटलं, अंगावरचं शिवायचं म्हणजे जवळ जावं लागेल.

ताई – मास्तर.

मास्तर – काय झालं?

ताई – दोनशे बारा गेलाय.

मास्तर – म्हणजे?

ताई – वहीत दोनशे बारा आहे. आज सकाळची नोंद. कारकून दर शनिवारी यादी काढतो. दहा दिवसांत ज्यांच्याकडून उत्तर नाही, त्यांना स्मरणपत्र. सात वर्षांत एकाही स्मरणपत्राचा उपयोग झालेला मला आठवत नाही. म्हणून ती जातात हेच मी विसरले.

मास्तर – कोणाला गेलं आहे?

ताई – तुमच्या मुलीला. बाराच्या टपालात. रजिस्टर.

मास्तर – मावशीच्या पत्त्यावर?

ताई – नाही. सासरच्या. पोचपावती आल्यावर पत्ता मीच दुरुस्त केला होता. मंगळवारी.

मास्तर – मजकूर?

ताई – छापील असतो. ‘आपले वडील आमच्या संस्थेत आपली वाट पाहत आहेत.’

मास्तर – तारीख आजची.

ताई – आजची. सही माझी. सह्या मी शुक्रवारी एकगठ्ठा करून ठेवते. आणि क्रमांक...

मास्तर – दोनशे बारा. तिच्या वहीच्या पानात आहे, तोच. क्रमांक मीच मागितला.

ताई – थांबा, ती फाटकाबाहेरच असेल अजून!

(ताई धावत फाटकापर्यंत जाते आणि चालत परत येते.)

ताई – बस वळली. मी हात केला. तिला वाटलं, निरोप घेतेय. तिनेही हात केला.

मास्तर – फोन कपाटात. शेजारीण देणार नाही. टपाल सासऱ्यांच्या हातात.

ताई – मी सोमवारी पोस्टमनला वाटेत गाठते. हात जोडते त्याच्यापुढे.

मास्तर – लाल शाईने पत्ता लिहिणारा माणूस आहे तो. रजिस्टर पत्र दुसऱ्याच्या हातात द्यायचा नाही.

ताई – नियमाने पत्र परत मागवता येतं. पाठवणाऱ्याने पोस्टमास्तरांना अर्ज दिला तर. पण खिडकी आज दोनला बंद झाली. सोमवारी दहाला उघडेल, आणि पोस्टमन नऊला निघतात.

मास्तर – आणि खाट?

ताई – काय?

मास्तर – मला माहीत असलेलं बरं.

ताई – खाट राहिली, मास्तर. स्मरणपत्र गेलं म्हणजे संपर्क चालू आहे. कॉम्प्युटरने आपोआप दोन महिने वाढवून दिलेत. सकाळीच.

मास्तर – कोरा कागद आहे का?

ताई – कशाला?

मास्तर – पोस्टमास्तरांना अर्ज लिहितो. सही तुम्ही करा.

ताई – काही उपयोग होणार नाही, मास्तर. आत्ताच सांगितलं ना, नऊ आणि दहा.

मास्तर – ऐकलं मी. कागद जरा मोठा बघा, डावीकडे चार बोटं जागा सोडायची आहे.